कूलि, इनाम आणि पोस्त

कुंभकोणम्‌च्या एखाद्या कॉफी-हॉटेलात पितळी पेल्यातील कॉफी संपली, की बिलाच्या बशीत काही नाणी मागे राहतात. वाढप्याच्या हाती पडणाऱ्या या पैशास आजचा तमिळ भाषक ‘टिप्स’ म्हणतो. मराठी भाषक बक्षिसी म्हणेल. रक्कम किरकोळ असते. परंतु ती श्रमाचे मोल की गिऱ्हाइकाची मर्जी, हा प्रश्न किरकोळ नाही. या दोहोंतील भेद दोन्ही भाषांच्या शब्दसंपत्तीत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे.

तमिळमध्ये श्रमाच्या मोबदल्यास ‘कूलि’ म्हणतात. तिरुक्कुरळच्या ६१९व्या कुरळात दैव प्रतिकूल असले तरी देहकष्टाला फळ मिळतेच, असा आशय आहे, आणि त्या फळासाठी योजलेला शब्द ‘कूलि’ हाच आहे. ही कूलि कोणाच्या कृपेने मिळत नाही. ती कष्टातूनच उपजते.

याच्या उलट टोकाचा शब्द ‘इनाम’. मूळचा अरबी असलेला हा शब्द मराठी व तमिळ या दोन्ही भाषांत रुजला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत कुंभकोणम् तंजावरच्या मराठी राज्यात होते. त्या काळच्या मराठीत इनाम म्हणजे प्रामुख्याने राजाने दिलेली जमीन. आजच्या बोली तमिळमध्ये त्याला ‘फुकट’ असाही अर्थ आहे. सनदेपासून फुकटापर्यंत अर्थ घसरला, तरी एक गोष्ट बदलली नाही: इनामाचा कर्ता नेहमी देणारा असतो.

मराठीत या दोन टोकांच्या मध्ये ‘पोस्त’ हा शब्द आहे. दिवाळीची पोस्त पोस्टमन किंवा रखवालदार संकोच न करता मागतो आणि ती देणाऱ्यासही वावगे वाटत नाही. बक्षिसी मात्र मागितली, की तिची याचना होते. बलुते हा तर उघड हक्कच होता. परंतु तो जातीने बांधलेला होता, हेही विसरता येत नाही.

तंजावरच्या भोसल्यांनी चालविलेल्या छत्रांत याहून निराळी व्यवस्था होती. दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) बहरलेल्या या छत्रांत वाटसरूला अन्न विनामूल्य मिळे आणि खर्च लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून भागे. दानशीलता होती, पण ती संस्थेची होती. वाढणाऱ्याचे पोट जेवणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नव्हते.

हक्क आणि मर्जी यांतील अंतर केवळ कोशगत नाही. त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि येथे शेतमजुरांनी मजुरीत धान्याची वाढ मागितली. संघर्ष चिघळत गेला आणि २५ डिसेंबर १९६८ रोजी दलित कुटुंबांतील ४४ माणसे झोपडीत जाळली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’ या कादंबरीची ही पार्श्वभूमी. सणाला मूठभर धान्य आपखुशीने घालणाऱ्यास तेच धान्य कूलि म्हणून मागितलेले सोसत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

न्यायालयांनीही हा भेद मानला आहे. गिऱ्हाइकाने दिलेली टिप दाखवून मालकास वेतनाच्या जबाबदारीतून सूट मिळू शकत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये जयपूरच्या एका हॉटेलच्या प्रकरणात घेतली. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने प्राप्तिकराच्या संदर्भात टिप हे वेतन नव्हे, असे ठरविले. तीवर कामगाराचा मालकाविरुद्ध हक्क पोहोचत नाही, हेही त्यात आले. पहिला निर्णय कामगाराचे रक्षण करतो; दुसरा त्या पैशाची अनिश्चिती उघड करतो.

शिवाय बशीतील नाणी दिसणाऱ्या हातालाच मिळतात. मागे भांडी घासणाऱ्याचा हात गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाही. त्याला आधार एकच, तो कूलिचा. आधी कूलि पुरी पडावी. मगच इनाम हे खरे इनाम ठरते, एरवी ते न दिलेल्या मजुरीवरचे पांघरूण असते.