चेहऱ्यावरच्या सुरकुत्या : काही चिठ्ठ्या, काही उत्तरे

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात मी त्वचेच्या रचनेवर व्याख्यान दिले. शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले, तर सारे गप्प. मग खडूचा एक रिकामा खोका फिरवला आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायला सांगितले. खोका भरून परत आला. बहुतेक चिठ्ठ्यांवर नाव नव्हते, आणि निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच विषयावर होते : चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि त्यांवरचे शस्त्रक्रियेविना होणारे उपचार.

चेहरा नीट दिसावा असे वाटणे यात गैर काहीच नाही. पण हे विचारायची लाज वाटते, आणि जे जाणकाराला विचारता येत नाही ते माणूस जाहिरातीला विचारतो. म्हणून त्यांतल्या काही चिठ्ठ्यांची उत्तरे येथे सविस्तर देत आहे.

आधी थोडे सुरकुतीविषयी

जुन्या उशीच्या अभ्र्यावर सुरकुत्या का पडतात? एक, अभ्रा रोज त्याच ठिकाणी दुमडला जातो. दोन, उन्हाने कापड विरते. तीन, आतला कापूस बसतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. कपाळाला आठ्या घातल्या की स्नायू आकुंचन पावतात आणि वरची त्वचा दुमडते. वर्षानुवर्षे तीच घडी पडली की ती कायमची होते. अंतस्त्वचेतील कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे वयाने आणि त्याहूनही उन्हाने खराब होतात. हे झाले कापड विरणे. आणि त्वचेखालची चरबी कमी होते, खाली सरकते; हा बसलेला कापूस.

कारणे तीन, म्हणून उपचारही वेगवेगळे. कापूस बसला असेल तर अभ्र्याला इस्त्री करून उपयोग नाही, एवढे लक्षात ठेवले की पुढची उत्तरे सोपी होतील.

चिठ्ठी पहिली : सुरकुत्यांवरचे इंजेक्शन म्हणजे विष असते, हे खरे का?

खरे आहे. ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जीवाणू ऑक्सिजनविरहित जागी वाढतो आणि बोट्युलिनम हे विष तयार करतो. ज्ञात विषांपैकी हे सर्वांत जहाल. जर्मनीत सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचे वर्णन युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२०च्या सुमारास केले होते. बोट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. नाव त्यावरूनच आले.

स्नायूने आकुंचन पावावे म्हणून चेतातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते. हे विष ते बाहेर पडूच देत नाही. निरोपच पोहोचला नाही, तर स्नायू स्वस्थ बसून राहतो. श्वासाचे स्नायू असे स्वस्थ बसले तर माणूस दगावतो. पण अत्यल्प मात्रा नेमक्या स्नायूत टोचली तर तेवढाच स्नायू सैलावतो. अमेरिकेतील डॉक्टर अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर तिचा उपयोग केला आणि १९८९ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. कॅनडात जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या विकारावर हेच औषध देत होत्या. रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होतात, हे त्यांच्या आणि त्यांचे पती, त्वचातज्ज्ञ अॅलिस्टर यांच्या ध्यानात आले. १९९२ साली दोघांनी ते प्रसिद्ध केले. २००२ साली अमेरिकेत या सौंदर्योपचाराला मान्यता मिळाली.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी लागणारे विष ग्रॅमच्या एक अब्जांश भागाच्या आसपास असते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. नंतर चेतातंतू पूर्ववत काम करू लागतात आणि आठ्या परततात. चुकीच्या जागी पसरले तर पापणी काही आठवडे लोंबते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि चेता-स्नायूंचे विकार असलेल्यांनी हे टाळावे.

चिठ्ठी दुसरी : गाल बसले आहेत. ते भरून मिळतात म्हणे?

मिळतात, काही काळापुरते. यासाठी बहुधा हायलुरॉनिक आम्ल वापरतात. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गुरांच्या डोळ्यांतील द्रवातून वेगळे केले. आपल्या त्वचेतही ते असते आणि भरपूर पाणी धरून ठेवते. नुसते टोचले तर शरीर ते लवकर विघटित करते, म्हणून त्याच्या रेणूंची एकमेकांशी रासायनिक बांधणी करून घट्ट जेली बनवतात. ती सहा महिने ते दीड वर्ष, कधी अधिकही टिकते. मनासारखे झाले नाही, तर हायलुरॉनिडेज हे विकर टोचून जेली विरघळवता येते.

धोका मात्र नीट समजून घ्यावा. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. जेली चुकून धमनीत गेली तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, त्वचा मरते आणि क्वचित डोळ्याची दृष्टी कायमची जाते. असे क्वचितच घडते. पण घडले तर उपचार तत्काळ व्हावे लागतात.

चिठ्ठी तिसरी : कोलॅजन असलेले क्रीम लावले तर त्वचेतले कोलॅजन वाढेल ना?

नाही. बाह्यत्वचेचा वरचा थर ही पक्की भिंत आहे. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू तिच्यातून सहज जात नाहीत, आणि कोलॅजनच्या रेणूचे वजन सुमारे ३ लाख डाल्टन. दाराच्या फटीतून हत्ती आत यावा, अशी ही अपेक्षा आहे. मग क्रीम लावल्यावर चेहरा तुकतुकीत का दिसतो? मनुका पाण्यात टाकून पाहा. वरचा थर पाणी धरून फुगतो आणि बारीक रेषा काही तास बुजतात. हे काम साधे, स्वस्त क्रीमही करते.

रेटिनॉइड गटातील ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाचे भावंड मात्र आतपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी आधी मुरुमांवर आणि पुढे, १९८६ साली, उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर त्याचे परिणाम मांडले. त्याने नवे कोलॅजन तयार होते आणि बारीक सुरकुत्या कमी होतात. पण त्यासाठी काही महिने लागतात. आरंभी त्वचा लाल होते, सोलते. गरोदरपणी ते वापरू नये.

याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिले होते : ‘मैत्रिणीने दिलेल्या ट्यूबने आठवड्यात चेहरा उजळला.’ इतक्या झटपट गुणाची शंका घ्यावी. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. ते त्वचा पातळ करते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि थांबवले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. म्हणजे जी त्वचा वाचवायची तिचेच कापड आपण विरवतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते वापरू नये.

चिठ्ठी चौथी : लेसर किंवा आम्लाने त्वचा सोलून घेणे आपल्याकडे चालते का?

दोहोंचे तत्त्व एकच : मोजून इजा करायची आणि शरीराला ती जागा नव्याने भरून काढू द्यायची. उसात सापडणारे ग्लायकोलिक आम्ल सौम्य काम करते, ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल खोलवर. पण आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी अधिक तत्पर असतात. थोडी इजा झाली तरी त्या जादा मेलॅनिन तयार करतात आणि काळे डाग उमटतात. ते महिनोन् महिने राहतात. म्हणून गोऱ्या त्वचेसाठी ठरलेली मात्रा येथे जशीच्या तशी चालत नाही.

चिठ्ठी पाचवी : मुलीचे लग्न दहा दिवसांवर आहे. ओळखीच्या पार्लरमध्ये इंजेक्शन स्वस्तात देतात. घेऊ का?

बाई, घेऊ नका. इंजेक्शन हे औषध आहे, प्रसाधन नव्हे. ते नोंदणीकृत आणि या कामाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच द्यावे. बाटली तुमच्यासमोर उघडावी, तिच्यावरचे नाव व मुदत तुम्ही वाचावी. काही बिघडले तर दहा दिवसांत सूज आणि काळेनिळे डागही पुरते जाणार नाहीत. जपून राहा, पुरेशी झोप घ्या आणि लग्नात मनमोकळे हसा.

चिठ्ठी सहावी : यातले काहीच परवडणारे नाही. आमच्यासाठी काय?

मला ही चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची वाटली. अमेरिकेतील एका नियतकालिकात २०१२ साली एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. वय ६९, चालकाची नोकरी २८ वर्षे. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, डावीवर मात्र खोल सुरकुत्या. तेथे चालक डावीकडे बसतो. खिडकीची काच अतिनील-ब किरणे बरीचशी अडवते, पण अतिनील-अ किरणे आत येतात आणि अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. (आपल्याकडे हीच बाजू उजवी असती.)

ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावात ९०३ प्रौढांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली आले. ज्यांना रोज ऊनरोधक मलम लावायला सांगितले होते, त्यांच्या त्वचेच्या वार्धक्यात साडेचार वर्षांत मोजण्याजोगी वाढ दिसली नाही. म्हणजे सर्वांत खात्रीचा उपाय प्रतिबंधाचा आहे. छत्री, रुंद कडेची टोपी, ओढणी किंवा पदर. जमल्यास दोन्ही प्रकारच्या किरणांना अडवणारे, ३० किंवा अधिक अंकाचे मलम. तंबाखूचा धूरही कोलॅजनचा शत्रू आहे.

वर्गासाठी

प्रत्येकाने आपल्या दंडाची आतली बाजू आणि हाताच्या पंज्याची वरची बाजू भिंगातून पाहावी. रंग, रेषा, ठिपके यांची नोंद करावी. घरातील आजी-आजोबांच्या हाताचीही, त्यांची परवानगी घेऊन, अशीच नोंद आणावी. दोन्ही जागांचे वय एकच; मग फरक कशामुळे? उत्तर मुले स्वतःच सांगतील.

ऊन त्वचेच्या हिशेबात बालपणापासूनच जमा होते. तेव्हा खेळाचा तास दुपारच्या रणरणत्या उन्हात असेल तर तो सकाळी नेता येईल का, एवढा विचार पुढचे वेळापत्रक करताना अवश्य व्हावा.