लष्करात आज पाण्याची पाळी

पहाटेचे पावणेपाच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली चितनीस की गोठ अजून अंधारात आहे, तरी घराघरात दिवे लागलेत. दारांपुढे प्लास्टिकचे पिंप, पितळी हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडून ठेवलेत. जूनचा पहिला आठवडा आहे. कूलर रात्रभर घरघरत होते, पण भिंतींमधली धग हललेली नाही. शहरात एक दिवसाआड पाणी चालू आहे आणि आज या गल्लीची पाळी आहे.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेने 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या छावणीचंच पुढे लष्कर झालं. गोठ, बाडा, छावणी ही नावं अजून पत्त्यांत टिकून आहेत आणि गल्लीत आडनावं मराठी, बोलणं अर्धं हिंदी.

कोपऱ्यावरून सायकल येते. मागच्या कॅरिअरला छातीइतकी उंच लोखंडी चावी बांधलेली. वॉलमन सायकल भिंतीला टेकवतो, चौकातलं झाकण पहारीने उचलतो आणि खड्ड्यात टॉर्च मारतो. तळाशी वीतभर गढूळ पाणी साचलेलं, त्यातून वॉल्व्हचं चौकोनी डोकं वर आलेलं. त्यावर चावी बसवून तो आडवी दांडी दोन्ही हातांनी फिरवायला लागतो. ओठांत मोजणी चालू आहे, "एक, दो, तीन..." दहाच्या पुढे गेल्यावर लोखंडातून बारीक थरथर वर येते. तो थांबतो, दांडीवर तळवा टेकवून क्षणभर उभा राहतो. "आ गया," म्हणतो आणि पुन्हा सावकाश फेरे देतो.

एवढं सावकाश का, असं मी विचारतो. पाइपात दोन दिवसांची हवा भरलेली असते, तो सांगतो. वॉल्व्ह झटक्यात उघडला तर पाणी त्या हवेला ढकलत जोरात धडकतं आणि जुना जोड फुटतो. पूर्ण उघडायचा नाही, याचंही कारण आहे. पूर्ण उघडला तर उताराकडची घरं सगळं ओढून घेतात आणि चढावरच्या घरांत नळ नुसता सुस्कारे टाकतो. या गल्लीला किती फेरे, पुढच्या चढाला किती, उन्हाळ्यात किती आणि श्रावणात किती, हा हिशेब कुठल्याही कागदावर मला दिसत नाही. तो या माणसाच्या मनगटात आहे. तो रजेवर गेला की बदली माणूस अंदाजाने फेरे देतो आणि गल्लीत भांडणं लागतात. शहराच्या पाणी नियोजनातला हा शेवटचा माणूस. त्याच्या हातातलं ज्ञान उतरवून घेतलं पाहिजे, हे मला तिथंच उभ्या उभ्या पटतं.

"नल आये!" वरच्या माडीवरून कुणीतरी ओरडतं.

जुन्या वाड्याच्या दारात काकू उभ्या आहेत. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून घर इथंच. नळ आधी खोकतो, हवा सोडतो, मग तांबूस पाणी येतं. काकू हंडा लावत नाहीत. बादली लावतात.

"अहो भाऊ, पहिली बादली झाडांची. ते पाणी पोटात घालायचं नाही," त्या म्हणतात. "साफ आलं की मग हंडा."

काकू वागतात ते अगदी शास्त्राला धरून आहे. नळवाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली असली की फट पडली तरी पाणी आतून बाहेर येतं, बाहेरची घाण आत शिरत नाही. वाहिनी जवळपास दोन दिवस रिकामी राहिली की तोच मार्ग उलटा होतो. शेजारच्या गटाराचं पाणी त्या फटीतून आत झिरपतं आणि पुढच्या पाळीला पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येतं. एक दिवसाआड पाण्याची ही किंमत हिशेबाच्या वहीत कधी मांडली जात नाही. ती दवाखान्यात भरावी लागते.

पाणी निवळतं. काकूंचा हंडा निम्मा होतो आणि धार एकदम करंगळीएवढी बारीक होते. पलीकडून मोटरची घूं घूं ऐकू येते. कुणीतरी नळाला थेट टिल्लू पंप जोडलाय. काकू काही बोलत नाहीत, फक्त त्या दिशेला बघतात. पंप नळाचं पाणी वाढवत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढतो, आणि ओढताना वाहिनीत जी पोकळी होते तिच्यात गटार शिरतं. एका घराच्या सोयीसाठी सगळी गल्ली धोक्यात येते.

समोरच्या घरातली मुलगी परवाचं उरलेलं पिंपभर पाणी मोरीत ओतते, कारण ताजं भरायचंय. "शिळं पाणी" म्हणून घरोघर असंच ओतलं जातं. पाणी एक दिवसाआड केलं की खप निम्मा होईल अशी अपेक्षा असते. तो निम्मा होत नाही, कारण लोक जास्त साठवतात आणि उरलेलं टाकून देतात. काकूंच्या घरी मात्र परवाचं पाणी कूलरमध्ये जातं, अंगणात जातं. पावणेसहाला धार तुटते. गल्लीच्या टोकाला एका नळाला तोटीच नाही. पाणी चालू होतं तोवर तो सरळ गटारात वाहत होता आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

ऊन चढायच्या आत मी मोतीझीलला पोहोचतो. शहराचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र इथं आहे. तिघरा धरणातून आलेलं पाणी मोठ्या गोल टाक्यांत संथ फिरतंय. प्रयोगशाळेच्या ओट्यावर सहा काचेची भांडी ओळीने ठेवलीत, प्रत्येकात तेच धरणाचं पाणी. कर्मचारी तुरटीचं द्रावण पहिल्यात थोडं, दुसऱ्यात जरा जास्त, असं चढत्या मापाने सोडतो आणि यंत्राच्या पात्या फिरायला लागतात. काही मिनिटांत पाण्यात बारीक ठिपके दिसतात, ठिपक्यांचे पुंजके होतात. पात्या थांबल्यावर ते कापसासारखे खाली बसतात. तो वाकून एकेका भांड्यातून पलीकडच्या खिडकीकडे बघतो. तिसऱ्यात आणि चौथ्यात पाणी सारखंच नितळ आहे. तो तिसऱ्यावर बोट ठेवतो. कमीत कमी तुरटीत काम होतंय ते माप आजचं.

धरण उतरतं तसं हे माप बदलतं. तळाजवळचं पाणी गाळाचं, हिरवट, वासाचं असतं, त्याला औषध जास्त लागतं. वाळूच्या गाळण्यांतून पाणी गेलं की क्लोरीन. टोकाच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. कर्मचारी छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकतो, पिवळा रंग उमटतो, तो रंग शेजारच्या पट्टीशी जुळवतो. काकूंचा हंडा या पिवळ्या रंगावर अवलंबून आहे.

तिथल्या अभियंत्यासमोर एक तक्ता आहे. एका रकान्यात पाण्याची पातळी फुटांत, दुसऱ्यात त्या पातळीला धरणात किती पाणी. "हिसाब अक्टूबर में होता है," तो म्हणतो आणि पेन्सिलीने मला तो मांडून दाखवतो. पावसाळा संपला की पातळी वाचायची. तक्त्यावरून साठा काढायचा. त्यातून मृतसाठा वजा, म्हणजे जे पाणी निघणाऱ्या तोंडाच्याही खाली राहतं ते. बाष्पीभवन वजा, पाझर वजा. उरेल त्याला दिवसांनी भागायचं. किती दिवसांनी, ही खरी परीक्षा. पाऊस जूनअखेर येईल असं धरलं तर रोज पाणी देता येतं. पाऊस लांबेल असं धरलं तर ऑक्टोबरपासूनच हात आखडावा लागतो. शहाणं गणित जुलै उलटून जाईल इतकं धरतं.

शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हे देशात धरलेलं प्रमाण. 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहर साडेदहा लाखांचं होतं. तेवढ्याच लोकांना हे प्रमाण द्यायचं म्हटलं तरी रोजचे 14 कोटी लिटर झाले, आणि त्यात गळतीचं पाणी धरलेलं नाही. तेव्हापासून शहर वाढलं. अमृत योजनेत नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आल्या. पण टाक्या वाढल्या म्हणून धरण वाढत नाही.

दुपार उतरल्यावर मी तिघऱ्याला जातो. शहराच्या पश्चिमेला, वीस-बावीस किलोमीटरवर, सांक नदीवरची ही दगडी भिंत. वाटेत रिकामे टँकर परतताना दिसतात. भिंतीवर उभं राहिलं की समोर पाणी आहे, पण त्याच्याभोवती तडे गेलेल्या गाळाचा रुंद पट्टा आहे. भरलेल्या तिघऱ्याची पातळी 740 फूट. चांगल्या पावसाळ्यात पाणी त्याच्या जवळ येतं आणि दरवाजे उघडावे लागतात. आज ते पट्टीवर खूप खाली आहे.

ही भिंत 1916 ची, माधवराव शिंद्यांच्या काळातली. मराठी माणसाला तिची एक ओळख जवळची आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी 1903 साली पुण्याच्या खडकवासल्याला पुराचं पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. तेच तंत्र पुढे तिघऱ्याला आलं आणि कृष्णराजसागरला गेलं. दुसरी ओळख दुःखाची. बांधून फार काळ झाला नसेल तोच, 19 ऑगस्ट 1917 ला हे धरण फुटलं. पायातल्या वालुकाश्मात पाणी शिरलं होतं. खाली माणसं वाहून गेली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटून पुण्यात जे झालं ते ज्यांनी घरात ऐकलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तिघरा पुन्हा उभं राहिलं आणि शंभर वर्षांनंतरही शहर त्याच्याच भरवशावर आहे.

पाण्यावरून गरम वारा येतो. ज्या मुलखात पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथं उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर थर उडून जाणं ही साधी गोष्ट. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटिमीटर गेला, तर एक कोटी लिटर गेले. 135 च्या मापाने चौऱ्याहत्तर हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी, कुणाच्याही नळाला न येता.

तिघरा कमी पडलं की ककेटो आणि पेहसारी या धरणांतून पाणी इकडे सोडतात. ते उघड्या वाटेने येतं, कोरडी जमीन वाटेतच पिते, आणि ज्या शेतांच्या वाट्याचं ते असतं तिथं नाराजी राहते. आता चंबळचं पाणी मुरैनाकडून आणायची योजना आहे. ती हवी, यात मला शंका नाही. पण चंबळ ही घडियालांची नदी आहे, अभयारण्य आहे. तिच्यातून घ्यायचं ते मोजूनच घ्यावं लागेल. शिवाय लांबून आणलेलं पाणी तोटी नसलेल्या नळातून गटारात जाणार असेल, तर नदी बदलून काय साधेल?

शहराजवळ जे आहे त्याकडे आधी वळलं पाहिजे. वीरपूर, गिरवाई, हनुमान बांध हे जुने बांध शहराला लागून आहेत. त्यांच्यात पाणी अडलं की भोवतालच्या विहिरी जगतात. स्वर्णरेखा नदीचं पात्र काँक्रीटचं झालं आणि पाणी जिरायची वाट बंद झाली. वर किल्ल्यावर तर नदीही नाही, तरी सूरजकुंड, जौहरकुंड, अस्सी खंबा की बावडी यांनी पावसाचंच पाणी धरून शतकं काढली. धरणाचं ओझं कमी करायला हे बांध आणि बावड्या पुन्हा कामाला लावणं, हे चंबळच्या योजनेइतकंच मोठं काम आहे आणि ते आधी होऊ शकतं.

वर्षातून एकदाच पगार येणाऱ्या घरासारखं हे शहर आहे. असं घर वर्ष संपताना काटकसर सुरू करत नाही. पाणीकपात हा निर्णय वाईट नाही. उशिरा घेतला की वाईट होतो. ऑक्टोबरमध्ये, धरण बरं दिसत असताना, थोडं कमी पाणी देण्याचं धाडस केलं तर वाहिन्या रोज भरलेल्या राहू शकतात, मे महिन्यात त्या रिकाम्या ठेवाव्या लागत नाहीत आणि गटार नळात शिरत नाही. पाणी नियोजन म्हणजे मुख्यतः हे धाडस. ते अधिकाऱ्याने एकट्याने करून भागत नाही, लोकांनी त्याला पाठिंबा द्यावा लागतो.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. नळाला तोटी बसवा. पंप थेट वाहिनीला जोडू नका. परवाचं पाणी ओतू नका. आणि तुम्ही ग्वाल्हेरचे असा, पुण्याचे असा की लातूरचे, पावसाळा संपल्यावर आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न विचारा: 15 ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे, आणि ते कुठल्या तारखेपर्यंत पुरवायचं ठरलं आहे? मे महिन्यात हे प्रश्न विचारून काही उपयोग नाही.