बँटम कोंबड्यांचे रंग

‘बँटम’ या लहानखुऱ्या कोंबडीला तिचें नांव जावा बेटांतील बांटाम या जुन्या बंदरावरून मिळालें. थोडक्या जागेंत राहणारी ही कोंबडी परसांत पाळण्याचा छंद अनेकांना जडतो. काळ्या, निळसर व ठिपकेदार कोंबड्या एकत्र हिंडूं लागल्या म्हणजे अंगणाला शोभा येते. परंतु पिलांचे रंग हौसेप्रमाणें उतरत नाहींत. ते नियमानें उतरतात.

निळसर रंगाचेंच उदाहरण घ्यावें. निळसर नर व निळसर मादी यांचीं सर्वच पिलें निळसर निघत नाहींत. पुष्कळ पिलांचा हिशेब ठेवल्यास चारांत सुमारें एक काळें, दोन निळसर व एक पांढुरकें, ठिपक्यांचें असें प्रमाण पडतें. उलट, काळें व पांढुरकें यांची जोडी लावल्यास सर्व पिलें निळसर होतात. मेंडेलचे वंशनियम कोंबड्यांनाही लागू पडतात, हें विल्यम बेटसन यांनीं १९०२ मध्यें दाखविलें.

या हौसेंत एक धोका आहे. आवडता रंग टिकविण्यासाठीं जवळच्या नात्यांतल्याच जोड्या पिढ्यानपिढ्या लावल्या जातात. काळ्या किनारीच्या पिसांची बँटम जात सिद्ध करणारे सर जॉन सेब्राइट यांनींच १८०९ मध्यें लिहून ठेवलें कीं, अशा जोड्यांनीं त्यांच्या कोंबड्या पायांनीं लांब, अंगानें लहान व प्रजोत्पादनास निकृष्ट झाल्या.

म्हणून प्रत्येक पिलाच्या पायांत खुणेचें कडें घालावें, आईबापांची नोंद वहींत ठेवावी, आणि अधूनमधून दुसरीकडचा निकोप कोंबडा आणून, कांहीं आठवडे वेगळा ठेवून, मग कळपांत सोडावा. हुकलेला रंग पुन्हां साधतां येतो. खालावलेला वंश सुधारणें कठीण जातें.