हुज्जत घालणारा, घोडे राखणारा

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. तो मान जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून मिळाला होता. तरी ‘सीनिअर रँग्लर’ होणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मुंबई प्रांताचे मंत्री झाले, पण लोकांच्या तोंडी ‘रँग्लर परांजपे’च राहिले.

महाराष्ट्राने इतक्या आदराने मिरवलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आहे हुज्जत घालणारा! ‘रँगल’ म्हणजे नुसता मतभेद नव्हे, तर लांबत गेलेला, चिवट वाद. वारसाहक्काचा किंवा कंत्राटाचा तंटा वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळला की इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला ‘लीगल रँगल’ म्हणतात.

केंब्रिजमध्ये एके काळी पदवीसाठी वादच घालावा लागे. विद्यार्थ्याने लॅटिनमध्ये एखादे विधान मांडायचे, प्रतिपक्षाने ते खोडायचे. लेखी परीक्षा आली, तोंडी वाद मागे पडला, पण गणितात पहिला वर्ग मिळवणाऱ्यांचे ‘रँग्लर’ हे नाव टिकले. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांनी पहिल्या आलेल्या पुरुषालाही मागे टाकले. त्यांचे स्थान ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे जाहीर झाले; किताब मात्र मिळाला नाही, कारण स्त्रियांना तिथे पदवीच देत नसत. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती थेट १९४८ मध्ये. हा अन्याय फारच लांबला.

अमेरिकेतला रँग्लर निराळा. टेक्सासहून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेताना प्रत्येक काउबॉयला बदली घोडे लागत. ते राखणारा तो रँग्लर, बहुधा तांड्यातला सर्वांत कोवळा पोरगा. घोडे सांभाळणाऱ्यासाठी मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये ‘काबायेरांगो’ हा शब्द होता. इंग्रजी जिभेवर तो ओळखीच्या ‘रँग्लर’सारखा वळला, असे शब्दकोशकार मानतात. १९४७ मध्ये बाजारात आलेल्या रँग्लर जीन्सचे नाव याच घराण्यातले. चित्रीकरणात जनावरे सांभाळणारा ‘अ‍ॅनिमल रँग्लर’ आणि विस्कळीत माहिती वापरण्याजोगी करण्याचे काम, ‘डेटा रँगलिंग’, हीदेखील याच वाटेने आली.

वाचताना एक खूण उपयोगी पडते. ‘रँगल’पुढे ‘ओव्हर’ किंवा ‘विथ’ आले, तर बहुधा वाद; थेट घोडे, गुरे किंवा माहिती आली, तर आवरणे, वळवणे.

केंब्रिजने १९०९ नंतर गुणानुक्रमाची यादी जाहीर करणे थांबवले. पदवीच्या शेवटच्या वर्षी गणितात पहिला वर्ग मिळवणारे मात्र तिथे आजही रँग्लरच म्हणवले जातात.