साप्ताहिक बैठक आणि शेजारचे दार

शिरगाव म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती वैशाखातील श्रीलईराईची जत्रा आणि निखाऱ्यांवरून चालत जाणारे व्रतस्थ धोंड. म्हापशाच्या संत जेरोमच्या देवळातील मिलाग्र सायबीण ही लईराईची बहीण होय, अशी या मुलखातील लोकांची जुनी भावना आहे. ईस्टरच्या तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी सायबिणीचे फेस्त भरते, तेव्हा हिंदू बांधवही तेल व फुले घेऊन तेथे येतात. ही काही आपल्या धर्मशिकवणीतील गोष्ट नव्हे. परंतु ज्या डिचोली तालुक्यात ख्रिस्ती घरे थोडी आणि हिंदू घरे पुष्कळ, तेथे दोन उंबरठे एकमेकांस किती जवळचे आहेत, याची ती साक्ष आहे. देवळाच्या आश्रयाने भरणाऱ्या साप्ताहिक बैठकांचा विचार करताना हे ध्यानी ठेवले पाहिजे.

अशा बैठका नव्या नव्हेत. प्रेषितांच्या काळी श्रद्धावंत घरोघर जमत, एकत्र भाकर मोडीत आणि ज्याला जी गरज असेल ती भागवीत. प्रार्थना आणि परोपकार यांची तेव्हा फारकत झालेली नव्हती.

१८३३ सालच्या एप्रिलात पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी काही सोबत्यांसह असाच जमला. तुमचा धर्म आज करतो तरी काय, असा टोमणा त्यांस ऐकावा लागला होता. त्यांनी वादाने उत्तर दिले नाही. सिस्टर रोझाली रांदू यांच्या मार्गदर्शनाखाली ते गरिबांच्या घरांचे जिने चढू लागले. सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचा आरंभ तो हा. पुढे ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिन शहरी फ्रँक डफ व काही स्त्रिया जपमाळेसाठी एकत्र आल्या आणि त्यांनी रुग्णालयातील दरिद्री स्त्रियांस भेटण्याचे काम अंगावर घेतले. तीच ‘मरियेची सेना’. तिचा नियम साधा आहे: दर आठवड्यास काम वाटून घ्यावे, दोघांनी मिळून जावे आणि पुढील बैठकीत काय केले ते सांगावे.

१९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे भरलेल्या आशियातील बिशपांच्या सभेने लहान समुदायांवर भर दिला. गोव्यात त्यांस ‘ल्हान क्रिस्ती समुदाय’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने घालून दिलेली शुभवर्तमान-मननाची रीत अशा समुदायांत परिचित आहे. तिच्या सात पायऱ्या आहेत: प्रभूस पाचारण, वाचन, मनास भिडलेल्या शब्दांची पुनरुक्ती, मौन, अनुभवकथन, कार्याचा विचार आणि शेवटी प्रार्थना. पाच पायऱ्या आपण भक्तिभावाने चढतो. सहावी मात्र पुष्कळदा घाईने ओलांडली जाते, कारण तेथे कोणाच्या तरी नावावर काम पडावयाचे असते!

वाचकहो, सारी बैठक या एका पायरीवर तोललेली आहे. गीते गोड झाली, जपमाळ पूर्ण झाली, चहाही झाला. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीस औषध कोण आणून देणार, हे ठरलेच नाही, तर आपण एकमेकांस भेटलो एवढेच झाले. परदेशी गेलेल्या मुलांमुळे ज्या घरात दोन वृद्ध जीवच उरले आहेत, ते घर बैठकीस येऊ शकत नाही; बैठकीनेच त्या घरी गेले पाहिजे. आणि ते दार हिंदू शेजाऱ्याचे असेल तर? तर अधिकच तत्परतेने. जखमी परक्याची वाट न चुकविणाऱ्या शोमरोनी माणसाचा दृष्टान्त प्रभूने आपणासाठीच सांगितला आहे. हा शेजार धर्मोपदेशाचे निमित्त मात्र करू नये. निर्व्याज सेवा हीच पुरेशी साक्ष आहे.

म्हणून पुढील बैठक संपण्यापूर्वी, शेवटच्या प्रार्थनेआधी, एकच प्रश्न विचारावा: या आठवड्यात कोण कोणाच्या दारी जाणार? दोघांची नावे ठरवावीत, पुढील आठवड्यात प्रथम त्यांचेच बोलणे ऐकावे. मग संख्या दहाची असो वा चौघांची, त्या लहानशा मेळाव्यात प्रभू उपस्थित आहे, हे शेजाऱ्यांनाही कळून येईल.