बादलीभर पाणी

२९ जून १९०५, पहाटेचे साडेतीन. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एक थोरली मुलगी झोपेतून उठली आणि मोठमोठ्याने प्रार्थना करू लागली. जवळ झोपलेल्या दुसरीला वाटलं, हिला आगच लागलीय. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार, तोच तिच्या ध्यानात आलं, की कुठे काही पेटलेलं नाही. मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

ख्रिस्ती मंडळींत अशा आध्यात्मिक जागृतीला ‘संजीवन’ म्हणतात. केडगावात ते अवचित आलं नव्हतं. जानेवारीतच मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी मुलींना विचारलं होतं, रोज एकत्र प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेच्या घरात गेला.

या मुली होत्या तरी कोण? १८९६-९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळातून रमाबाईंनी आणलेल्या अनाथ मुली, आणि घराने टाकलेल्या विधवा. रमाबाईंचे आईवडील आणि बहीणही दुष्काळातच गेले होते. ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही, अशा शेकडो जणी इथे एका पंगतीत जेवत, शिकत, विणकाम आणि शेतीही करत.

बादलीच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत होत्या. मुलींच्या प्रार्थनेचा आवाज इतका चढला, की त्यांना बोलणं थांबवावं लागलं. कुणी रडत होती, कुणी पापं कबूल करत होती. पुढे काही दिवस शाळेचे वर्गही बंद राहिले.

मोठ्याने, एकाच वेळी सगळ्यांनी प्रार्थना करणं काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना खटकलं. रमाबाईंनी मात्र मुलींना आवरलं नाही. परक्या शिस्तीचा साचा त्यांच्यावर लादायचा नाही, त्यांनी आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, ही त्यांची भूमिका होती.

हा उमाळा मिशनच्या भिंतींआड राहिला नाही. मुलींच्या तुकड्या आळीपाळीने आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. उरलेल्या जणी मागे राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करत, आणि रोजची कामंही उरकत.

त्या कामांतच एक छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, तेव्हा त्याचे खिळे जुळवायला याच मिशनमधल्या मुली आणि बाया बसल्या. त्यांतल्या कित्येकींनी पहिलं अक्षरही इथेच गिरवलं होतं. १९२२ साली रमाबाई गेल्या. दोन वर्षांनी ते बायबल छापून बाहेर पडलं.