मुठीत मावणारे प्रवासी घड्याळ

पितळेची एक लहानशी पेटी. बाजूंना काचा आणि वर उचलायला कडी. कडी धरूनही उंची जेमतेम चार इंच. आमच्या शेजारच्या मावशींनी ती पदराआडून काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. पितळेचा भाव देतो म्हणतो. नातवाची कॉलेजची फी भरायची आहे. देऊन टाकू का?"

आम्ही म्हटले, "मावशी, चार दिवस थांबा. फी भरायला अजून आठवडा आहे ना?"

मावशींचे सासरे रेल्वेच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यावर खानसामा होते. १९४७ साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा ही पेटी त्यांच्या हाती देऊन गेला. तेव्हापासून ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत पडून होती. आम्ही मावशींना घेऊन ओळखीच्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो. काकांनी मागचे दार उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, हे भंगारात घालू नका. हे कॅरेज क्लॉक आहे, आणि त्यातही लहान आकाराचे."

वाचकहो, कॅरेज क्लॉक म्हणजे प्रवासात बरोबर नेण्याचे घड्याळ. भिंतीवरचे जुने घड्याळ लंबकावर चालते. ते हलवले की बिघडते. घोडागाडीच्या धक्क्यात लंबकाचा काय निभाव लागणार? म्हणून या घड्याळाला लंबकाऐवजी कमान आणि बॅलन्सचे चाक असते. माथ्यावर काचेची छोटी खिडकी असते, तीतून हे चाक डुलताना दिसते. मूळ स्वित्झर्लंडचे आणि पॅरिसला कारागिरी करणारे अब्राहम लुई ब्रेगे (१७४७-१८२३) यांना या घड्याळांचे जनक मानतात. १७९८ साली इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी नेपोलियनने त्यांच्याकडून असे घड्याळ विकत घेतले होते. म्हणजे सुरुवातीला ही चैन सेनापतींची आणि सरदारांची!

पुढे १८३० च्या दशकात पॅरिसच्याच पॉल गार्निये यांनी रचना सोपी केली आणि घड्याळे मोठ्या संख्येने होऊ लागली. रेल्वे आली, प्रवास वाढला, मागणीही वाढली. पण ही घड्याळे घडवीत होते कोण? फ्रान्सच्या उत्तरेला, दिएप बंदराजवळ सां निकोला दालियरमाँ नावाचे गाव आहे. हे गावच घड्याळांवर जगत होते. कोणी चाके कापी, कोणी पितळेच्या पट्ट्या घाशी, कोणी कमानी बसवी. तेथली कच्ची यंत्रे पॅरिसला जात, तेथे त्यांना शेवटचा हात फिरे, आणि तबकडीवर नाव लागे ते विकणाऱ्या दुकानदाराचे! लंडनच्याच काय, कलकत्त्याच्या दुकानांची नावेही अशा तबकड्यांवर सापडतात. ज्याने दिवसभर मान मोडून चाकाचे दाते कापले, त्याचे नाव मात्र कोठेच नाही. आज त्या गावात घड्याळांचे संग्रहालय आहे, आणि तेथे त्या कामाची हत्यारे नि यंत्रे जपलेली आहेत, ही समाधानाची गोष्ट.

लहान आकाराच्या घड्याळांना संग्राहक विशेष मान देतात. नेहमीचे कॅरेज क्लॉक साधारण सहा इंचांचे, तर हे तीन-चार इंचांचे. जागा कमी म्हणून बहुतेकांत ठोके नसतात, फक्त वेळ दिसते. ठोके देणारे लहान घड्याळ दुर्मिळच.

काकांनी आम्हाला पारख कशी करायची तेही दाखवले. मागच्या पत्र्यावर बनविणाऱ्याची खूण असते. पोपट आणि दोन अक्षरे असली तर ते पॅरिसच्या झाकोचे. दोन अक्षरांमध्ये छोटे घड्याळच कोरलेले असले तर ते द्रोकूरचे. मावशींच्या घड्याळावर मधमाश्यांचे पोळे होते, म्हणजे मार्गेनचे. मग तबकडी पाहायची. तिच्यावर केसासारख्या चिरा आहेत का? काचा मूळच्या आहेत की बदललेल्या? वरचे बॅलन्सचे चाक जुनेच आहे की कोणी नवे बसवले? चावी आणि चामड्याची पेटी सोबत असेल तर मोल वाढते. आणि मागे बॅटरीची जागा दिसली, तर ते जुने नव्हेच, हे उघड आहे.

मावशींच्या घड्याळात एक काच तडकलेली होती आणि बॅलन्सचे चाक कोणी तरी पूर्वीच बदललेले होते. काकांनी ते झाकले नाही. तरीही भंगारवाल्याच्या भावाच्या कितीतरी पट किंमत येईल, असे त्यांनी सांगितले.

"घासून लखलखीत करून आणू का?" मावशींनी विचारले. काका घाईघाईने म्हणाले, "मुळीच नको! चिंच लावू नका, राख लावू नका. वर सोन्याचा पातळ मुलामा आहे, तो निघून गेला की परत येत नाही." खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेलही आत सोडू नये. बंद घड्याळाला जोर करून चावी देऊ नये. जाणत्याकडून साफ करून घ्यावे, हेच बरे.

पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा उतरणीला लागला. मनगटी घड्याळांनी त्यांची जागा घेतली. आज ती कोणाला वेळ पाहण्यासाठी लागत नाहीत. म्हणूनच सांगतो, कर्ज काढून असला नाद कोणी करू नये. पण घरात जुनी वस्तू असेल, तर ती काय आहे हे कळल्याशिवाय तराजूत टाकू नये. आपल्या अजाणतेपणावर दुसऱ्याचे दुकान चालते, हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

मावशींनी घड्याळ विकले. काकांनीच एक संग्राहक आणला, चार माणसांसमोर व्यवहार झाला, नातवाची फी वेळेत भरली गेली. पैसे मोजून घेतल्यावर मावशी त्या गृहस्थांना म्हणाल्या, "दादा, एक करा. आमच्या मामंजींचे नाव एका कागदावर लिहून यात ठेवा. खानसामा होते, तेही लिहा."

ते गृहस्थ म्हणाले, "लिहितो मावशी. घड्याळ कोणाच्या घरात होते हे कळले, तर त्याची किंमत कमी होत नाही, वाढते."

चिठ्ठी नातवाने लिहिली, आपल्या सुवाच्य अक्षरात. पणजोबांचे पूर्ण नाव, गाव, काम आणि साल. घड्याळावर दुकानदाराचे नाव होतेच. आता त्यासोबत ते सांभाळणाऱ्या माणसाचेही नाव आहे.

वाचकहो, आपल्याही घरात एखादी ट्रंक असेल. आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवून ती उघडा. कोणती वस्तू कोणाची, कोठून आली, हे वडीलधारी सांगतील तसे मुलांकडून वहीत लिहून घ्या. वस्तू राहील की जाईल, सांगता येत नाही. माणसाचे नाव तरी राहू द्या.